बारा महिन्यांची अट

आधी हे सांगते: वारसाने मिळालेली जमीन सरकारी योजनेत घालायला शेतकी ऑफिसात जाताना मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत प्रत्येक खेपेला बरोबर ठेवा. मी दुसऱ्या खेपेला विसरले आणि अख्खा दिवस वाया गेला.

नवरा गेला आणि अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली त्याची ऐंशी एकर जमीन माझ्याकडे आली. वर्षानुवर्षं एकाआड एक मका आणि सोयाबीन. चढावरची काळी माती कधीच ओढ्याला मिळालेली. मशागत झाली की खालची पिवळट माती उघडी पडते, टक्कल दिसावं तशी. तिथे प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या मूळच्या गवताळ माळरानाच्या, गवताफुलांचे पट्टे लावायचे ठरवले. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगात शेताच्या १० टक्के भागात प्रेअरी लावल्यावर मातीची धूप ९५ टक्क्यांनी घटली होती. सीआरपी या, जमीन पिकाखालून काढून राखायच्या सरकारी योजनेत अशा पट्ट्यांना दरवर्षी भाडं मिळतं, लावणीच्या खर्चातही वाटा मिळतो.

योजनेच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "जमीन बारा महिने तुमच्या नावावर हवी. पुढच्या वर्षी या." त्याच्या कॉम्प्युटरवर तर अजून नवऱ्याचंच नाव! ते बदलायचे कागद दिले, तीन आठवडे काही हललं नाही. फोन केला की "बघतोय." वर एकदा म्हणतो कसा, "तुमच्या खंडकऱ्यालाच पाठवा ना, त्याला यातलं कळतं." इथली जवळजवळ निम्मी शेतजमीन बायकांच्या मालकीची आहे, आणि हा मला खंडकऱ्याला पाठवायला सांगतोय.

त्या रात्री हट्टाने नियम वाचायला बसले. मालकाच्या मृत्यूमुळे वारसाकडे आलेल्या जमिनीला बारा महिन्यांची अट नाही. स्पष्ट लिहिलंय. पान छापलं, त्या ओळीवर पिवळा मार्कर फिरवला आणि सकाळी काउंटरवर ठेवलं. त्याने दोनदा वाचलं, आत जाऊन वरच्या बाईंना घेऊन आला. त्यांनी उभ्याउभ्याच "बरोबर आहे" म्हटलं. सॉरी कुणीच म्हटलं नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून डब्यातली पोळीभाजी खाल्ली. इतकी भूक मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

पुढचं सगळं भराभर झालं. हो, खंडकऱ्याशी मात्र आधीच बोला. त्याचं क्षेत्र कमी होतं, म्हणजे खंड नव्याने ठरवावा लागतो. आणि २०१२ ते २०१७ या सहांपैकी चार वर्षं तिथे पीक घेतलेलं असावं लागतं, तेही तपासून घ्या.

बी डिसेंबरात टाकलं. यातल्या बऱ्याच बियांना थंडी खाल्ल्याशिवाय कोंब फुटत नाही. पहिल्या उन्हाळ्यात नुसतं तण. घाबरू नका, यंत्राचं पातं उंच ठेवून कापत राहा. मी गुडघ्यावर बसून तण बाजूला सारलं, तेव्हा बुडाशी केसासारखी बारीक, निळसर पाती दिसली. लिटल ब्लूस्टेम, प्रेअरीचंच एक गवत.

ऑक्टोबरात ऑफिसचं पत्र आलं. पाकिटावर नवऱ्याचंच नाव.