पाच नॉटच्या थापा

आमची शिडाची बोट लाकडी होती, म्हणजे सीझनच्या सुरुवातीला पाण्यात उतरवली की पहिले काही दिवस ती चाळणीसारखी गळणार हे ठरलेलंच. बाहेर पडून पडून फळ्या आकसलेल्या असतात, फटींतून पाणी आत येतं, आणि त्यावर उपाय काय तर आणखी पाणी. भरू द्यायची, बादलीने उपसायची, परत भरू द्यायची, मग लाकूड फुगतं आणि फटी आपोआप बंद होतात. हे ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. बुडू नये म्हणून आधी बुडवून ठेवता होय! आता खरं आहे त्याला मी काय करू.

तेच वारा जिकडून येतो तिकडे जाण्याचं. नाक साधारण 45 अंशांपेक्षा वाऱ्याजवळ नेलं की शीड नुसतं फडफडतं, म्हणून नागमोडी जायचं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. शीड विमानाच्या पंखाचं काम करतं, खाली पाण्यात सोडलेली फळी बोटीला आडवं सरकू देत नाही, मग जायला एकच वाट उरते, पुढची. एवढं समजावलं तरी समोरचा म्हणतो, काहीही!

आणि थापा मात्र लोक गपगुमान ऐकतात. ही बोट मी आणि माझ्या मित्राने भागीत घेतलेली, त्याचा आवडता किस्सा बूमचा. बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, वारा मागून असताना जरा दिशा चुकली की ती या बाजूची त्या बाजूला अशी जाते की मान खाली घालायला एक क्षण मिळतो, तोही मिळाला तर. तर त्या काठीने याची टोपी उडवली, टोपी वाऱ्यावर गोल फिरली आणि परत याच्याच डोक्यावर येऊन बसली, फक्त उलटी. मी तिथेच होतो. टोपी पाण्यात पडली आणि वल्ह्याने ओढून काढेस्तोवर दुपार गेली. पण ते 'फक्त उलटी' इतकं भारी आहे की लोक माझ्याकडे बघतात तेव्हा मी मान डोलावतो.

वाऱ्याचं तर विचारूच नका. बोफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 साली वाऱ्याच्या जोराची 0 ते 12 अशी पट्टी केली, तिच्यात 4 नंबर म्हणजे 11 ते 16 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर), लाटांवर पांढरा फेस दिसायला लागतो, छोट्या बोटीला मजा येईल इतका. आमचा तो एक दिवस 4 नंबरचाच होता. पुढे सांगता सांगता तो 5 झाला, 6 झाला, मागच्या वेळी ऐकला तेव्हा 8 वर होता. पट्टी 12 ला संपते म्हणून बरं.

यात आम्ही काही पहिले नाही. जोशुआ स्लोकम 1895 ते 1898 मध्ये स्प्रे नावाच्या बोटीतून एकटा जगाला फेरी मारून आला, आणि त्याला पोहता येत नव्हतं. रात्री लोक बोटीवर चढू नयेत म्हणून त्याने डेकवर बारीक टोकदार खिळे पसरून ठेवले. आणि त्यानेच असंही सांगितलंय की आलुबुखार आणि चीज खाऊन पोटात कळा आल्या, हा आत पडून होता, तेव्हा कोलंबसच्या ताफ्यातल्या पिंटा जहाजाच्या वाटाड्याने रात्रभर सुकाणू धरलं. अशा माणसाला पुरावा कोण मागणार?

स्पीडच्या बाबतीत मात्र गणित आडवं येतं. जड बोट चालताना स्वतःच लाट उठवते, वेग वाढेल तशी ती लाट लांब होते, आणि लाट बोटीएवढी झाली की बोट तिच्या खोलात अडकते, पुढे स्वतःच्याच लाटेचा चढ. म्हणून पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, वर्गमूळ काढायचं, 1.34 ने गुणायचं, येईल तो बोटीचा जास्तीत जास्त वेग, नॉटमध्ये. आमचे 14 फूट, उत्तर आलं 5 नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. काठावरून कोणी नीट पळत आला तर आमच्या पुढे जाईल. मागून मोठी लाट आली की तिच्या उतारावरून बोट घटकाभर याहून जोरात जाते, ते सोडा. मित्राला हे गणित दाखवलं तर तो म्हणाला, अरे बोटीला कुठे माहितीये.

खरं सांगायचं तर बहुतेक वेळ पाच नॉटही नसायचे. वारा पडायचा, शीड लोंबायचं, मागच्या छोट्या इंजिनची दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला की मग निमूटपणे वल्ही काढायची. मला आतून आवडायचे ते हेच तास, पण हे कोणाला सांगणार आणि तो ऐकणार किती वेळ.

पुढे बोट विकली. घेणारा मुलगा उत्साही, परवा फोन आला, "काका, काल आठ नॉट काढले हिने!" मी म्हटलं, मागून मोठी लाट आली असेल. तर म्हणतो, "छे हो, पाणी एकदम सपाट होतं, आणि वारा तर नव्हताच."