तुम्ही विचारलंत म्हणून : मी कॅनिस्टर का काढला

आमच्या घरी येणारे लोक खाऱ्या पाण्याची टाकी पाहतात, क्लाउन मासे पाहतात आणि मग हमखास खालचे कपाट उघडून विचारतात, ‘चांगला महागाचा कॅनिस्टर फिल्टर होता ना तुमच्याकडे, मग तो काढून हा काचेच्या खणांचा पसारा कशाला मांडलात?’ (कॅनिस्टर म्हणजे टाकीचे पाणी आत घेऊन, गाळून परत सोडणारा बंद डबा, आणि संप म्हणजे त्याच्या जागी टाकीखाली ठेवलेला हा खणांचा उघडा काचेचा हौद.) आजवर मी ‘खाऱ्या पाण्याला संपच बरा’ एवढे बोलून वेळ मारून नेत आलो. ते उत्तर खोटे नाही, पण माझे खरे कारण ते नव्हे.

प्रथम हे मान्य करतो की कॅनिस्टरची वकिली सर्वांत मोठ्याने मीच केली होती. गोड्या पाण्यात बारा वर्षे काढलेल्या माणसाला जो आत्मविश्वास येतो, तो माझ्यात पुरेपूर होता. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू डब्यात राहिले काय आणि दगडांच्या छिद्रांत राहिले काय, काम तेच, असे मी म्हणत असे, आणि हे म्हणणे मला आजही खोडून काढता येत नाही. माझ्या नजरेतून एवढेच निसटले की कॅनिस्टर घाण पाण्याबाहेर काढत नाही, तो ती बंद डब्यात साठवतो आणि टाकीतले सगळे पाणी त्याच साठ्यातून फिरत राहते. संपात बसणाऱ्या स्किमरची, म्हणजे बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसात वर काढणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी आहे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे अतिशय बारीक राहतात, प्रथिने त्यांना चिकटून वर चढतात आणि कुजण्याआधीच फेसाबरोबर पेल्यात जाऊन पडतात. दर रविवारी मी तो पेला रिकामा करतो. आतला द्रव उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखा दिसतो, वास मात्र चहाचा नसतो. उरलेले काम सच्छिद्र दगड करतात, कारण त्यांच्या आतल्या प्राणवायूविरहित भागात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. स्किमर आणि दगड यांच्या या जोडीलाच बर्लिन पद्धत म्हणतात. (कठीण प्रवाळांना कायद्याने संरक्षण असल्यामुळे माझ्याकडे मऊ प्रवाळच आहेत आणि त्यांना थोडे नायट्रेट चालते, म्हणजे निव्वळ नायट्रेटचा मुद्दा घेतला तर माझ्या टाकीत कॅनिस्टरही चालून गेला असता.)

आता त्या रात्रीविषयी. जूनचा पहिला आठवडा होता आणि मी एका लग्नासाठी देवासला गेलो होतो. रात्री नऊच्या सुमारास इंदुरात वादळ झाले आणि आमच्या भागातली वीज गेली. बाबांनी फोन केला. मी त्यांना सांगितले की काही होत नाही, फक्त टाकीचे बटण बंद करून ठेवा आणि वीज आल्यावर पाच मिनिटे थांबून मग लावा. गोड्या पाण्याच्या काळापासून मी त्यांना हेच पढवले होते. देवास ते इंदूर तासाभराचा रस्ता आहे. मी निघालो नाही.

वीज पहाटे साडेपाचला आली. बाबांनी घड्याळ लावून पाच मिनिटे मोजली आणि बटण लावले. आठ तासांहून अधिक काळ कॅनिस्टरमधले पाणी जागच्या जागी उभे होते. डब्यात गाळ होता, कारण मी तो चार महिने उघडला नव्हता, आणि त्या गाळातल्या जिवाणूंनी डब्यातला प्राणवायू केव्हाच संपवला होता. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. प्राणवायू संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात, आणि बटण लावताच डब्यातले ते पाणी टाकीत आले. गोड्या पाण्यात सल्फेट फार कमी असल्यामुळे हाच आळस मला बारा वर्षे पचला होता. मी सातला घरी पोचलो तेव्हा जिन्यातच सडक्या अंड्यांचा वास आला. पाणी किंचित धुरकट झाले होते. क्लाउनची जोडी वाळूवर आडवी पडली होती, त्यातल्या मादीचे कल्ले अजून हलत होते, आणि लेदर प्रवाळ सगळे स्पर्शक आत ओढून ओल्या चामड्यासारखा पडला होता. बाबा टाकीसमोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी एकच विचारले, ‘मी बटण लावलं म्हणून का रे?’

मी ‘नाही बाबा’ म्हणालो. ते खरे होते का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी मावतो, उकाड्यात आणखी कमी, त्यामुळे बटण लावले नसते तरीही कदाचित सकाळपर्यंत मासे गुदमरलेच असते. मी दर आठवड्याला डबा धुतला असता, तर बटण लावूनही कदाचित काही झाले नसते. तेव्हा दोष यंत्राचा नव्हता, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. नियमाने डबा धुणारे लोक कॅनिस्टरवर उत्तम टाक्या चालवतात. मी त्यांच्यातला नाही, एवढे मला कळले.

संपही निर्दोष नाही. पहिल्याच आठवड्यात पंप बंद होताच परतीच्या नळीतून पाणी उलटे वाहून संप भरून वाहिला आणि दिवाणखान्यात पोछे मारावे लागले. मग त्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक छिद्र पाडले, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. ‘संप’ या नावावर बाबा मात्र हसतात. गिरणीत होते तेव्हा त्यांनी संप पुष्कळ पाहिले, पण काम करणारा संप हाच पहिला, असे ते म्हणतात.

पण संपाचे पाणी उघड्यावर असते. वीज गेली तर ते थांबते, आणि वीज आली की जसे थांबले होते तसेच पुढे चालू लागते. ज्याचे बटण घरातल्या कोणीही, केव्हाही लावावे, असे यंत्र मला हवे होते. तुम्ही विचारता ते कारण हे आहे.

परवा संध्याकाळी वीज गेली आणि वीस मिनिटांत आली. बाबांनी खुर्चीतूनच हाक मारली, ‘लावू का रे?’ मी स्वयंपाकघरातून ‘लावा’ म्हणालो. मी बाहेर आलो तेव्हा ते बटणाशी उभे होते आणि बटण अजून बंदच होते.