ठाण्यात राहता ना? मग रेडही फ्रिजमध्येच ठेवा

रेड वाईन म्हणे खोलीच्या तापमानाला प्यावी. कुठल्या खोलीच्या? हा सल्ला फ्रान्समधल्या थंड दगडी घरांतून आलेला, 16-18 अंशांचा. आमचा हॉल घोडबंदर रोडवर, पश्चिमेला तोंड करून. मे महिन्यात रात्री आठलाही तिशीच्या खाली उतरत नाही. एवढ्या उकाड्यात स्वस्तातली रेड ओतली की आधी नाकात स्पिरिट शिरतं, फळबिळ राहिलं बाजूला. त्यामुळे आमच्या घरच्या वाईन-परीक्षेत रेड अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये जाते, मार्क त्यानंतर.

मार्क वीसपैकी. परीक्षक मी, नवरा आणि नणंद. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आकडा आधी कागदावर, तोंड नंतर उघडायचं, नाहीतर बहीण म्हणेल त्याची री भाऊ ओढतो.

बजेट दोन हजारांच्या आत. आयात वाईनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क लागत आलंय, त्यामुळे तिकडची रोजच्या जेवणातली बाटली इथे वाढदिवसाच्या भावात पडते. एवढे पैसे मोजल्यावर ताटातल्या जेवणाशी तिचं जमायलाच हवं.

पोर्तुगालच्या वायव्येकडची विन्यो व्हेर्द घ्या. अटलांटिकचा पाऊस झेलणारा तो भाग. वाईन हलकी, चांगली आंबट, बहुतेकदा जिभेवर किंचित चुरचुरणारी. नुसती प्यायलो तेव्हा मी 12 दिले. मग बोंबील आले. रवा लावून तळलेले, वरून कुरकुरीत, आत जवळजवळ पाणीच. एक घास, एक घोट, की तोंडातलं तेल साफ. लिंबाची फोड ताटात तशीच राहिली. 16! नवऱ्याने 18 दिले, पण तो बोंबलाचे मार्क वाईनला देतो.

स्पेनच्या रिओहाची क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान एक ओकच्या लाकडी पिंपात. व्हॅनिलाचा वास तिथलाच. मटण सुक्क्याबरोबर मात्र तिने घात केला. तुरटपणा आणि अल्कोहोल तिखटावर चढले नि घसा पेटला. 10. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत होतं, मिरची बेताची. त्या धुरकट वासाशी ओकचं असं काही जमलं की नणंद म्हणाली, "वहिनी, ही मटणाची नव्हेच गं, भरताची आहे!" तिघांचेही 15.

इटलीची मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो: 13, गुणी मुलगी, तक्रार नाही, आठवणही नाही.

भांडण प्रोसेकोवरून, म्हणजे इटलीच्या बुडबुडेवाल्या वाईनवरून. वाईनमध्ये 'ड्राय' म्हणजे गोड नसलेली, तरी लेबलवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेली प्रोसेको 'ब्रूट' लिहिलेलीपेक्षा गोड असते, हे मी नणंदेला दुकानातच सांगितलं होतं. तिने तीच उचलली. माझे 9, तिचे 17, आणि सरासरी काढायला ती तयार नाही. साबुदाणा वड्यांबरोबर पुन्हा परीक्षा घ्या म्हणते. घेऊ, पण वडे तिने तळायचे.