किनारीचे पट्टे सुटले एकदाचे (चादर-डीएसएल, पुढचा अपडेट)

मंडळी, सुटलं एकदाचं. नवीन असाल तर, चादर-टॉवेलचं डिझाईन साध्या ओळींत लिहिता यावं म्हणून मी रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटी खास भाषा (डीएसएल) बनवतोय; टॉवेल, चादर हे त्यात एकाच बापाच्या क्लासचे (साच्याचे) सबक्लास, म्हणजे पोरं. काल रात्री साडेबाराला टॉवेलला 3 पट्टे आणि चादरीला 5, दोन्ही एकाच रनमध्ये बरोबर छापून आले. घरात उकडत होतं, तसाच लॅपटॉप घेऊन गच्चीवर जाऊन बसलो आणि परत चारदा चालवून बघितलं.

मागच्या वेळी @@रंगचा घोळ सांगितलेला, टॉवेलमध्ये लाल घातला की मयूरपंखाच्या चादरीतही लाल यायचा. @@ वालं क्लास व्हेरिएबल अख्ख्या खानदानात एकच असतं, म्हणून ते काढून क्लासचंच इन्स्टन्स व्हेरिएबल केलं, साधं @रंग, तसंच @किनार. पण ते पोरांकडे उतरतच नाही, सबक्लासला विचारलं की निल, म्हणजे काहीच नाही. मग इन्हेरिटेड हूक (सबक्लास बनताच आपोआप चालणारी मेथड) लिहिला, सबक्लास जन्मली की बापाच्या @किनारचा डुप (कॉपी) तिच्या हातात द्यायचा. हूकमध्ये सुपर (वरच्या क्लासची तीच मेथड बोलावणं) विसरलो की रुबोकॉप (कोड तपासणारं टूल) लगेच टोकतो, ते मला फार आवडतं. देवनागरी नावांवर पण टोकतो, तो नियम मात्र मी बंद करून टाकलाय.

आता खरी कटकट. चादरीत खालच्या किनारीचे पट्टे 5 केले की बापाचे पण 5, आणि बापाचे म्हणजे टॉवेलचे पण. दोन्ही क्लासच्या हॅशचे (नाव-किंमत जोड्यांचा साठा, @किनार तोच) ऑब्जेक्ट आयडी (प्रत्येक वस्तूचा ओळख नंबर) छापले, वेगवेगळे. त्यामुळे चार दिवस डुपवर संशयच घेतला नाही, बाकी सगळा कोड उपसून काढला. पाचव्या दिवशी सहज आतल्या :खालचीचा आयडी छापला तर दोघांचा आकडा तोच. डुपनं फक्त वरचा हॅश वेगळा केलेला, आतला दोघांत सामाईक.

मार्शलनं (डेटा बाइट्समध्ये उतरवून परत उभा करणारं रुबीतलं साधन) डंप करून परत लोड करायचं म्हटलं तर टाइपएरर, कारण वेलीच्या नक्षीसाठी मी हॅशमध्ये लॅम्डा (कोडचा तुकडा, रुबीत तो प्रॉकच) ठेवलेत आणि प्रॉक मार्शल होत नाही. मग हातानं रिकर्सिव्ह (आतल्या हॅशचीही) कॉपी लिहिली. ती चालली, पण दुसरीच गोष्ट अडकली. इन्हेरिटेड हा क्लास उघडल्या उघडल्या चालतो, आतली बॉडी त्यानंतर. आणि माझ्या बापाच्या क्लासमध्ये काही किनारी नंतर लोड होणाऱ्या फाइलमधून येतात. म्हणजे कॉपी झाल्यावर बापाला जे मिळालं ते पोरांना कधी कळणारच नाही.

त्या दिवशी दुपारी मामांच्या कारखान्यात गेलेलो, लाईट गेलेली, जकार्डवर (मागावर नक्षी विणणारं यंत्र) नक्षीच्या भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ तशीच लटकत होती. एकच माळ, प्रत्येक चादरीला तीच परत परत वाचली जाते. तिथंच डोक्यात आलं की कॉपी करायचीच कशाला, विचारेल तेव्हा वर जाऊन बघायचं.

आता प्रत्येक क्लास फक्त स्वतःचं सांगितलेलं ठेवतो, आणि मागितलं की आधी सुपरक्लासला विचारून त्यावर स्वतःचं मर्ज (एकत्र) करतो. मर्जला ब्लॉक (दोन्हीकडे तेच नाव असेल तर काय करायचं तो कोड) दिलाय, नाहीतर आतला हॅश आख्खा बदलला जातो. पहिल्या रनला चढत चढत थेट ऑब्जेक्टपर्यंत (रुबीतल्या क्लासांचा मूळ बाप) गेला आणि नोमेथडएरर, म्हणून सगळ्यात वरच्या क्लासमध्ये रिकामा हॅश परत करून तिथंच थांबवलं. ॲक्टिव्हसपोर्टमध्ये (रेल्ससोबतची लायब्ररी) याच कामाचं क्लास_ॲट्रिब्यूट तयार मिळतं, माहितीये, पण एवढ्याशा कामासाठी तेवढं ओझं मला नको, आणि आतला हॅश जागेवर बदलला तर तिथं पण हाच घोळ होतो.

शेवटचा चोर फ्रीझनं (हॅश बदलायला बंदी) पकडला. आतल्या हॅशपर्यंत सगळं फ्रीझ केलं तर फ्रोझनएरर आला, लाईन नंबरसकट, छापणीच्या मेथडमध्ये. तिथं मी डीफॉल्ट रंगासाठी ||= (रिकामं असेल तर भर) लिहिलेलं, म्हणजे नुसतं छापताना बापाच्या हॅशमध्ये लिहिलं जात होतं! माझं मत विचाराल तर डीएसएलमधला प्रत्येक हॅश पहिल्या दिवसापासून फ्रीझ करा.

एक छोटी गोष्ट सांगायचीच आहे. डिझाईनच्या फाइलमध्ये आता अशी ओळ आहे:

किनार :खालची, पट्टे: 5, रंग: :लाल

हे जसंच्या तसं रुबी आहे, मेथड, की, सिम्बॉल सगळं देवनागरी. क्लासचं नाव तेवढं देवनागरीत होत नाही, कॉन्स्टंट कॅपिटल अक्षरानं सुरू व्हावा लागतो आणि आपल्या लिपीत कॅपिटल नाहीच. मामांना ओळ दाखवली, ते म्हणाले, "वरच्याला कमी पट्टे असतात रे, ते पण लिही." त्यांना वाचता आलं, मला अजून काय पाहिजे!

पुढं चित्र काढायचा भाग घेणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी कॅटलॉग करावा, रुबी 3.1 पासून क्लासला सबक्लासेस मेथड (पोरांची यादी देणारी) आहे, हूकमध्ये यादी ठेवायची गरजच नाही. फक्त ती थेट पोरंच देते, नातवंडं नाही, त्यामुळे तिथं परत रिकर्शन. आणि मामांचे जुने नमुने फाइलमधून वाचून क्लास.न्यू नं (प्रोग्रॅम चालू असतानाच नवा क्लास) बनवायचे तर हूक चालतो तेव्हा नाव निल असतं, म्हणजे कॅटलॉगला नाव हूकमध्ये नाही, छापतानाच विचारायला लागणार. म्हणजे हूकच उडवतो की. आज रात्री तेच.