झाकण वाजणारा डबा

आमच्या मंडळाचा स्नेहमेळावा दरवर्षी २३ सप्टेंबरच्या आसपासच्या रविवारी भरायचा. तारीख आम्ही शोधलेली नव्हती. वेंडी करी, मायकेल पेज आणि जीजी रेवन विल्बर या तिघा अमेरिकन कार्यकर्त्यांनी १९९९ मध्ये हा दिवस बायसेक्शुअल, म्हणजे एकाहून जास्त लिंगांच्या माणसांची ओढ वाटणाऱ्या लोकांच्या नावे केला होता, आम्ही तो आयता उचलला. पहिल्या वर्षी अकराजण आलो. त्यातले चौघे ‘आम्ही नुसते सोबत आलोय’ असं सांगणारे. (पुढच्या वर्षी त्यातले तिघे एकेकटे आले.)

पहिलं भांडण फलकावरून झालं. कुणीतरी ठळक अक्षरांत ‘उभयलिंगी’ लिहून आणलं होतं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. “उभयलिंगी गांडूळ असतं, जास्वंदीचं फूल असतं. आपण नव्हे.” मग ‘द्विलैंगिक’ आलं. त्यावर ‘दोनच का?’ हा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. आपसात आम्ही ‘बाय’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

झेंडा मी शिवला होता. गुलाबी, जांभळी, निळी अशा तीन सारख्या पट्ट्या जोडल्या आणि ऐटीत टांगला. तो चुकलाय हे दुपारी कळलं. पेजने १९९८ मध्ये केलेल्या मूळ झेंड्यात गुलाबी आणि निळी पट्टी दोन-दोन भागांची असते, मधली जांभळी एकाच भागाची. जांभळा रंग दोन्हीकडे विरून जातो, चटकन नजरेत येत नाही, जगात आपलंही तसंच होतं, असा त्याचा विचार होता. मी कात्री घेऊन उसवायला बसले तर आमचे एक काका म्हणाले, “राहू दे गं. एक दिवस तरी जांभळ्याला ऐसपैस बसू दे.” तो झेंडा अजून तसाच चुकीचा आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षापासून जमिनीवर खडूची रेघ ओढायला लागलो. लैंगिकतेचा अभ्यासक किन्सीने १९४८ मध्ये मांडलेली ० ते ६ ची पट्टी. एका टोकाला निव्वळ भिन्नलिंगी ओढ, दुसऱ्या टोकाला निव्वळ समलिंगी. ज्याने त्याने आपल्या आकड्यावर उभं राहायचं. साठी ओलांडलेल्या एक ताई आधी १ वर थांबल्या, मग तरातरा ५ पर्यंत चालत गेल्या. “विशीत इथे होते, चाळिशीत तिथे. आता गुडघे दुखतायत, खुर्ची द्या.” मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइनलाही १९७८ मध्ये एक आकडा अपुराच वाटला होता. त्याच्या तक्त्यात ओढ, वर्तन, कल्पना, भावनिक जवळीक अशा सात गोष्टी, आणि प्रत्येकीचे काल, आज आणि मनातलं असे तीन रकाने. एकूण २१ चौकोन. ताईंनी सगळे भरले, वर समासातही लिहिलं.

पण मेळाव्याचा जीव होता पत्र्याच्या डब्यात. त्यात निनावी प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, दुपारनंतर मी त्या वाचायच्या. पहिल्याच वर्षीची एक चिठ्ठी होती: ‘डब्याचं झाकण वाजतं. कोण टाकतंय ते सगळ्यांना कळतं.’ खरंच होतं ते. दर वेळी टण्ण व्हायचं आणि माना वळायच्या. मग झाकणाखाली जुनं फडकं बसवलं आणि चिठ्ठ्या तिपटीने वाढल्या.

उत्तरं द्यायला एक परिचारिका यायच्या. भाषण त्यांना जमत नसे, त्यामुळे आमचं फार बरं चाललं. ‘कंडोम फाटला तर?’ ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखायचे औषध सुरू करायचं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस गोळ्या चुकवायच्या नाहीत. ‘काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ क्लॅमिडिया हा संबंधांतून होणारा संसर्ग कित्येकदा लक्षणं न दाखवता अंगात असतो, म्हणून. ‘दोन बायकांमध्ये काय होणार?’ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू आणि हर्पीस त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात, तेव्हा गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नका. हे त्या इतक्या सपाट आवाजात सांगत की लाजायलाच कुणाला सुचत नसे.

मला ते ऐकताना राग यायचा तो वेगळाच. एका दवाखान्यात मी याच तपासण्या मागितल्या, तर समोरून प्रश्न आला, “तुमचं लग्न झालंय ना?” झालंय म्हटल्यावर कागद बाजूला सरकला. कागदावर आपला रकानाच नसणं ही कटकट जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड लोरिया हा बाय कार्यकर्ता एड्सच्या काळात, पुरुष पुरुषांना भेटत त्या स्नानगृहांमध्ये जाऊन सुरक्षित संबंधांची माहिती द्यायचा. तिथल्या आरोग्य विभागाने एड्सच्या आकडेवारीत बायसेक्शुअल पुरुषांची दखल घ्यावी म्हणून तो दोन वर्षं मागे लागला, तेव्हा कुठे १९८४ मध्ये ते झालं. ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. जुनी मंडळी माझ्याआधी साल म्हणून मोकळी होतात.

एका वर्षी डब्यात माझीही चिठ्ठी होती. डाव्या हाताने लिहिलेली, आणि वाचायचीही मीच. ‘नवऱ्यावर माझं प्रेम आहे, ते खोटं नाही. तरी मी अजून बाय आहे ना?’ वाचताना आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला. कुणी काही बोलायच्या आत त्याच ताई खुर्चीतून म्हणाल्या, “पोळी खाल्ली म्हणून भात आवडेनासा होतो का? पुढची चिठ्ठी घे.” सगळे हसले, मी पुढची घेतली. तिच्यातलं एक अक्षर आज आठवत नाही.

गेल्या वर्षी डबा काढला तर फडकं कुठेतरी पडून गेलं होतं. दुसरं शोधायचं राहून गेलं. दिवसभर टण्ण, टण्ण चालू होतं. संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या उलगडल्या, झाकणाबद्दल एकही नव्हती.