प्रिंट बदलायला गेलो, हात दाखवून अवलक्षण

माझा मजकूर-खेळ अजून तिसऱ्याच खोलीत अडकलाय, कारण हा अख्खा आठवडा एका फंक्शनने (नावाने हाक मारून चालवायचा कोडचा तुकडा) खाल्ला. हवं होतं एवढंच की अक्षरं टाइपरायटरसारखी एकेक उमटावीत. 350 ठिकाणी प्रिंट (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं, पडद्यावर मजकूर दाखवणारं तयार फंक्शन) लिहून झालेलं. म्हटलं, प्रिंटच नव्याने लिहू. पायथन आडकाठी करत नाही, तिथेच फसगत.

पहिल्या प्रयत्नात माझ्या प्रिंटच्या आत अक्षर छापायला पुन्हा प्रिंटच वापरलं. ते स्वतःलाच हाका मारत बसलं आणि हजारेक फेऱ्यांनी रिकर्शन एरर आली, म्हणजे स्वतःला हाका मारायची मर्यादा संपली. नाव शोधताना पायथन आधी फंक्शनच्या आत बघतो, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, मग मॉड्यूलमध्ये (म्हणजे त्या अख्ख्या फाइलमध्ये) आणि सगळ्यात शेवटी बिल्टइन्समध्ये (पायथनच्या स्वतःच्या तयार नावांत). मॉड्यूलमध्येच माझं सापडल्यावर तो पुढे कशाला जाईल?

मग सगळे करतात तेच केलं: वर एक ओळ, जुनं = प्रिंट. चाललं! नोटबुकमधला (तिथे कोड तुकड्यातुकड्याने चालवता येतो) तोच सेल, म्हणजे तोच तुकडा, दुसऱ्यांदा चालवला आणि पुन्हा तीच एरर. इथे अर्धी रात्र गेली. दुसऱ्या वेळेपर्यंत प्रिंट म्हणजे माझंच फंक्शन झालं होतं. 'जुनं'मध्ये तेच जाऊन बसलं आणि त्याच्या पोटात परत 'जुनं'लाच हाक.

आता बिल्टइन्स इम्पोर्ट करून आत थेट बिल्टइन्स डॉट प्रिंट वापरतोय. सेल कितीही वेळा चालवा. (प्रत्येक अक्षरानंतर नवी ओळ नको म्हणून प्रिंटच्या एंडला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, देताना फ्लश ट्रू विसरू नका, नाहीतर अक्षरं बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचतात आणि ओळ एकदमच पडते.) बिल्टइन्समधलंच प्रिंट बदलायचा आगाऊपणाही करून झाला. एका लायब्ररीने (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) त्याला फाइल हे आर्ग्युमेंट, म्हणजे मजकूर कुठे लिहायचा ही जोड-माहिती, पाठवलं, माझ्या फंक्शनला ते ठाऊकच नव्हतं, टाइप एरर! मॉड्यूलपुरतं बदललं तर दुसऱ्यांच्या फायलींना झळ नाही. आणि अगदीच गुंता झाला तर डेल प्रिंट: मॉड्यूलमधलं नाव पुसलं जातं, मूळ पुन्हा दिसतं.

शेवटी काल नावच बदललं: 'छापा'. पायथन 3 देवनागरी नावं घेतो आणि बिल्टइन्स सगळी रोमन, टक्कर होणार कुठून? फाइंड-रिप्लेस मारलं, दोन मिनिटांत 350 ओळी बदलल्या. त्यात बिल्टइन्स डॉट प्रिंटचंही बिल्टइन्स डॉट छापा झालं, आणि आता अॅट्रिब्यूट एरर येतेय: बिल्टइन्समध्ये 'छापा' असं काही नाहीच.