उलटी उन्हाची की किरणांची?

शिरपूरच्या पुढे पाइपलाइनच्या वेल्डिंगचे जोड तपासायला आम्ही इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूच्या किरणांनी एक्स-रेसारखा फोटो काढणारा कॅमेरा वापरत होतो. मे महिना, म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा काय ते सांगायला नको. संध्याकाळी सोर्स, म्हणजे त्यातला इरिडियमचा तुकडा, कॅमेऱ्यात परत येईना, नळीतच अडकला. तो आतबाहेर करणाऱ्या क्रँकवर मी होतो. किरणं मोजणाऱ्या सर्व्हे मीटरचा आकडा खाली उतरेना, तसं आरएसओ (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी) साहेबांनी सगळ्यांना दोरीबाहेर काढलं आणि पुढचं त्यांनीच निस्तरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला भडभडून उलटी झाली. धाबं दणाणलं.

धुळ्यातल्या डॉक्टरांनी नाडीआधी घड्याळ विचारलं. सोर्सजवळ कधी होतास, उलटी कधी झाली, ताप, जुलाब? अंगात शोषलेल्या किरणांचा डोस २ ग्रेच्या (ग्रे हे त्याचं माप) वर गेला तर उलट्या बहुधा दोन तासांच्या आतच सुरू होतात. जितक्या लवकर, तितकं वाईट. माझी तर रात्र उलटून गेल्यावर झालेली, म्हणजे उन्हाचीच शक्यता जास्त. सलाईन लावलं, पण तेवढ्यावर त्यांनी सोडलं नाही. दोन दिवस थोड्या थोड्या वेळाने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. लॅबवाला लिम्फोसाइटचे (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टक्के लिहून द्यायचा, डॉक्टर एकूण पांढऱ्या पेशींवरून त्यांचा खरा आकडा काढायचे. ८,०००च्या २८ टक्के म्हणजे २,२४०. तो झपाट्याने घसरून हजाराखाली गेला, तर रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेला मार बसलाय असं धरायचं. माझा आकडा हलला नाही.

घसरला असता तर? मधे काही दिवस बरं वाटतं, तोच फसवा काळ. मग पेशी तळाला जातात, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव सुरू होतो. त्यासाठी स्वतंत्र खोली, अँटिबायोटिक, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन. आयोडीनच्या गोळ्यांचा इथे काडीचा उपयोग नाही, त्या किरणोत्सारी आयोडीनपासून फक्त थायरॉइड वाचवतात. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ आला, त्यात एक माणूस दगावला. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा माझी झोप उडाली.

घरी मावशीचं वेगळंच. "लेकरेसले हात नको लावू रे भो!" एक्स-रे काढून आलेल्या माणसातून किरण निघत नाहीत, तसंच हे. सोर्स अंगावर सांडला नव्हता. तरी तिने माझं ताट वेगळं ठेवलंच.

अंगावरचा डोस मोजणारा टीएलडी बॅज तातडीने तपासायला पाठवला होता. डोस किरणांवर काम करणाऱ्यांसाठीच्या वर्षाच्या ३० मिलिसिव्हर्टच्या (हेही डोसचंच माप) मर्यादेच्या बराच आत निघाला. बोटं मात्र डॉक्टर पुढे कितीतरी आठवडे बघत राहिले, कारण कातडीवरचा भाजल्याचा डाग उशिरा उमटतो.